कळतं पण वळत नाही : आहार, झोप आणि हिंजवडीची रात्र

(हिंजवडी येथील एका गृहसंकुलाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आहार आणि झोप या विषयावर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला बोलावला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. डॉक्टर बोलावायला हवा होता, आहारतज्ज्ञ बोलावायला हवा होता. बरोबर आहे. औषध, गोळी, पथ्य यांबद्दल तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, ते आमचं क्षेत्र नाही. पण या विषयात एक गाठ अशी आहे, की ती वैद्यकशास्त्राला एकट्याला सुटत नाही. काय खावं हे आपल्याला माहीत आहे. कधी झोपावं हेही माहीत आहे. तरी आपण ते करत नाही. आपल्या मराठीत याला साधा शब्दप्रयोग आहे : कळतं पण वळत नाही. या कळण्या-वळण्यामधल्या अंतराचा विचार तत्त्वज्ञानात अडीच हजार वर्षं चालू आहे. म्हणून आम्ही इथे उभे आहोत.

दुसरं कारण घरगुती आहे. आमचा मुलगा इथेच, हिंजवडीत, एका कंपनीत काम करतो. त्याच्या परवानगीनंच हे सांगतो आहोत. अडतिसाव्या वर्षी नेहमीच्या तपासणीत त्याला मधुमेह निघाला. आम्हाला ते खरंच वाटेना. अंगानं शिडशिडीत मुलगा. त्याची आई तर कायम म्हणायची, "किती वाळलायस रे, घे अजून एक पोळी." मधुमेह हा जाड माणसांचा आजार, अशी आमची पक्की समजूत. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "सर, याचं उत्तर तुमच्या पुण्यातच सापडलंय."

दोन डॉक्टरांचा एक फोटो

ते उत्तर आम्ही मग शोधून वाचलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही सडपातळ. उंचीच्या मानानं वजन मोजण्याचा जो निर्देशांक असतो, बीएमआय, तो दोघांचाही अगदी सारखा : २२.३. म्हणजे दोघंही कागदावर उत्तम. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. वजन तेच, बांधा तोच, चरबी दुपटीहून जास्त!

तत्त्वज्ञानात आम्ही 'आभास आणि सत्य' शिकवायला दोरी-सापाचं उदाहरण घ्यायचो. हे उदाहरण त्याहून चांगलं आहे. वजनकाटा खोटं बोलत नाही, पण तो पूर्ण खरंही सांगत नाही. स्नायू कमी आणि पोटाभोवती, आतल्या अवयवांभोवती चरबी जास्त, अशी आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची ठेवण असते. या चरबीमुळे इन्सुलिनचं काम नीट होत नाही आणि साखर रक्तात साचत राहते.

ही ठेवण येते कुठून? याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची. इंग्लंडातली साधारण साडेतीन किलोची. पण बाळ लहान असलं तरी त्याच्या त्वचेखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणजे 'बारीक पण चरबीदार' ही गोष्ट पोटात असल्यापासून सुरू होते. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती आम्हाला फार मोलाची वाटते. ज्या बायांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जरा मोठी होती. महागडं काही नाही. मेथी, शेपू, चाकवत, एखादा पेरू, कपभर दूध. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

म्हणून पहिली गोष्ट : "मी बारीक आहे, मला काय होतंय" हे वाक्य आजपासून बंद. कंबरेला टेप लावून बघा, वर्षातून एकदा रक्त तपासा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

ताटाचं गणित

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं गाव. इथे भाताची खाचरं होती. चैत्रात म्हातोबाचं बगाड निघतं, ते आजही निघतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून इथे माहिती तंत्रज्ञानाचं पार्क उभं राहिलं आणि खाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. कमाई वाढली, चांगलंच झालं. आम्ही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी नाही. पण एक गोष्ट बघा. खाचरात दिवसभर राबणारा माणूस ताटभर भात खायचा आणि तो जिरवायचा. त्याचा नातू नऊ तास खुर्चीवर बसतो, दोन तास वाहतुकीत बसतो आणि भात तेवढाच खातो. ताट आजोबांचं, दिवस नातवाचा. हिशोब जुळणार कसा?

भात वाईट नाही. पोळीही वाईट नाही. पण ताटातला मोठा वाटा त्यांनीच व्यापला, तर बाकीच्यांना जागा उरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सांगितलं आहे की एकूण ऊर्जेपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच असावा. बाकीचं डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, दूध, दाणे, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी-मासे यांतून यावं. आता आपल्या घरातलं ताट आठवा. दोन पोळ्या, वर भाताचा डोंगर, त्यावर पातळ वरण, आणि कोपऱ्यात चमचाभर बटाट्याची भाजी. आमचंही असंच होतं.

प्रथिनांचं साधं माप : वजनाच्या किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळजवळ ५० ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ मिळतात. शाकाहारी माणसाला पातळ वरणावर ते भागत नाही. मटकीची उसळ, पिठलं, घट्ट डाळ, दही, दाण्याची चटणी, पनीर असं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. आपल्या आज्यांचं पिठलं-भाकरी, वर कांदा आणि ताक, हे जेवण या हिशोबात चांगलंच बसतं.

आणि एक युक्ती, पैसे न पडणारी. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग डाळ-उसळ, आणि शेवटी पोळी-भात. या क्रमानं जेवलं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, असं प्रयोगांत दिसलं आहे. मग दहा-पंधरा मिनिटं चाला. त्याला आपल्याकडे शतपावली असा सुंदर शब्द आहे. स्नायू चालायला लागले की रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतात. शंभर पावलांवर थांबू नका, एवढंच आमचं म्हणणं.

चहाबद्दल बोललो नाही तर पुणेकर आम्हाला माफ करणार नाहीत. चहा प्या. पण जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर नको, कारण त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. घरातल्या बायकांना, मुलींना हे जरूर सांगा.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे

आता दुसरा भाग. चरकसंहितेत शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे आधाराचे खांब, सांगितले आहेत : आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. निद्रेला आहाराच्या बरोबरीनं बसवलं आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही फार खाणारा आणि मुळीच न खाणारा, फार झोपणारा आणि फार जागणारा, या सगळ्यांना योग साधत नाही असं म्हटलं आहे. खाणं आणि झोपणं एकाच दमात. हे आम्ही पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. आणि घरी काय केलं? मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर असायचा तेव्हा पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं, "आमचा मुलगा अठरा-अठरा तास काम करतो." झोप कमी करणं म्हणजे कर्तबगारी, ही समजूत त्याला कंपनीनं नंतर दिली. आधी आम्ही दिली. हे कबूल करायला आम्हाला वेळ लागला.

झोप आणि साखर यांचा संबंध आता चांगला माहीत झाला आहे. १९९९ साली शिकागोमध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास बिछान्यात राहू दिलं. तेवढ्यानं त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद स्पष्टपणे घटली. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात दिसलं, की कमी झोपेनं भूक लावणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. म्हणून जागरणानंतर सकाळी काकडी आठवत नाही, वडापाव आठवतो. तो दोष जिभेचा नाही, रात्रीचा आहे.

शरीरात घड्याळ असतं, ही आता नुसती म्हण राहिलेली नाही. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल २०१७ मध्ये हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना नोबेल मिळालं. रात्री या घड्याळाप्रमाणे शरीर साखर सांभाळायला तयार नसतं. तेच जेवण आठला घेतलं तर वेगळं आणि साडेअकराला घेतलं तर वेगळं.

प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. आमच्या वयात झोप हलकी होते, मधे जाग येते, पण गरज फारशी कमी होत नाही. कॉफीचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कॉफीतली अर्धी रात्री अकराला तुमच्याबरोबर अंथरुणात असते. दुपारची वामकुक्षी वीस-पंचवीस मिनिटांची ठेवा. पुण्याच्या दुकानांसारखी एक ते चार नको. आणि घरातलं कोणी जोरात घोरत असेल, मधेच श्वास अडकत असेल, तर त्याची चेष्टा करू नका, त्याला डॉक्टरकडे न्या.

रात्रपाळीवाल्यांचं काय?

समोर बसलेल्या एका ताईंनी मघाशीच विचारलं, "सर, आमच्या मुलीची पाळीच अमेरिकेच्या वेळेची. ती काय करणार?" खरा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली रात्रपाळीचा समावेश कर्करोगाच्या बहुधा कारण ठरणाऱ्या गोष्टींत केला. घाबरवायला हे सांगत नाही. पण हा प्रश्न त्या मुलीच्या एकटीच्या शिस्तीचा नाही, हे समजायला हवं. पाळ्या कशा लावायच्या हे ती ठरवत नाही. ते ठरवणाऱ्यांनी त्याची जबाबदारी घ्यायला हवी.

तिच्या हातात काय आहे? २०२१ साली अमेरिकेत १९ जणांवर एक प्रयोग झाला. रात्रपाळीसारखं जागवून काहींना रात्री जेवायला दिलं, काहींना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. प्रयोग लहान आहे, पण दिशा दाखवतो. मुख्य जेवण पाळीवर जायच्या आधी, मध्यरात्री फार तर ताक, मूठभर फुटाणे, आणि सकाळी घरी आल्यावर न्याहारी करून, पडदे ओढून झोप. आणि घरच्यांनी त्या वेळी मिक्सर लावायचा नाही, दारावरची बेल वाजू द्यायची नाही. तिची झोप हे सगळ्या घराचं काम आहे.

कळण्यापासून वळण्यापर्यंत

आता मूळ गाठीकडे येऊ. सॉक्रेटिसचं म्हणणं होतं, की ज्याला खरंच कळलं तो चुकीचं वागणारच नाही. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. तो म्हणतो, ज्ञान असूनही ते हाताशी नसतं, जसं झोपलेल्याचं किंवा प्यायलेल्याचं. प्यायलेला माणूसही मोठमोठी काव्यं घडाघडा म्हणतो, पण अर्थ त्याच्यात उतरलेला नसतो. आम्ही गीता तशीच म्हणत होतो. ॲरिस्टॉटलचं आणखी एक उदाहरण आहे : हलकं मांस पचायला चांगलं, एवढं माहीत असून उपयोग नाही. कोणतं मांस हलकं, हे कळायला हवं. सामान्य ज्ञान पुरत नाही, आज रात्रीच्या ताटातलं ज्ञान लागतं.

आणि त्याचा उपाय काय? सवय. सद्गुण हा सवयीनं घडतो, भाषणानं नाही. म्हणून आम्ही घरात उपदेश थांबवला आणि मांडणी बदलली. बिस्किटांचा डबा आणणंच बंद केलं. फुटाण्यांची बरणी पुढे आली. सूनबाई आणि आम्ही मिळून रविवारी मटकी-मूग भिजत घालतो, म्हणजे दोन दिवसांनी दमून आलेल्या माणसाला मोड आलेली उसळ हाताशी असते आणि फोनवरून जेवण मागवायचा मोह टळतो. फोन रात्री साडेदहाला बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आमचासुद्धा. जेवण साडेआठच्या आत, ज्या दिवशी जमेल त्या दिवशी. सगळे दिवस जमत नाही. चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. एक दिवस मोडला म्हणून व्रत मोडत नाही.

वर्षभरानं मुलाची साखर बरीच खाली आली. गोळी चालू आहे, आणि ती चालू राहील की नाही हे त्याचे डॉक्टर ठरवतील. पण परवा रात्री अकरा वाजता त्याच्या खोलीतला दिवा बंद दिसला. आम्ही दारात थोडा वेळ थांबलो. अठरा तास काम करणाऱ्या मुलाचा वाटला त्याहून जास्त अभिमान त्या झोपलेल्या मुलाचा वाटला.

आता साडेआठ वाजत आले आहेत. आमच्याच व्याख्यानामुळे तुमचं जेवण उशिरा होऊ नये. घरी जा, आधी कोशिंबीर खा. नमस्कार.