झाडाची जखम भरत नाही : वृद्ध वृक्षांची छाटणी व तिची परिभाषा

वृक्ष आणि मनुष्यदेह यांची सांगड मराठी भाषेत फार जुनी आहे. 'खांदा' व 'खांदी' हे दोन्ही शब्द संस्कृतातील 'स्कंध' या एकाच शब्दाकडे जातात. आणि त्या मूळ शब्दालाही मनुष्याचा खांदा व फांद्या फुटतात तेथवरचे झाडाचे खोड असे दोन्ही अर्थ आहेत. याच सादृश्यामुळे कुऱ्हाड लागली की झाडाला 'जखम' झाली असे म्हटले जाते, आणि काही वर्षांनी त्या जागेवर साल आलेली दिसली की जखम 'भरली' असे समजले जाते. यांतील पहिला शब्द यथार्थ आहे. दुसरा मात्र दिशाभूल करणारा आहे. जुन्या झाडांची निगा राखण्याचे काम ज्यांच्याकडे असते, त्यांच्या हातून होणाऱ्या पुष्कळशा चुकांचे मूळ या एका क्रियापदात सापडते.

प्राण्याच्या शरीरात जखमी पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. अवयव पुष्कळदा पूर्ववत होतो. वृक्षाच्या बाबतीत असे घडत नाही. एकदा बनलेले लाकूड जागच्या जागी पुन्हा घडविण्याची शक्ती त्याच्या ठायी नाही. तो जुन्यावर नवा थर चढवितो, एवढेच. मग जखमेतून शिरलेल्या बुरशीचे काय होते? अमेरिकेच्या वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून या प्रश्नाचा अभ्यास केला आणि 1977 मध्ये आपली उपपत्ती मांडली. तिचा आशय असा की, वृक्ष कुजलेला भाग बरा करीत नाही, तर त्यास कोंडून टाकतो. हे कोंडणे चार भिंतींनी होते. वर-खाली जाणाऱ्या वाहिन्या बुजवून पहिली भिंत उभी राहते. ती सर्वांत दुबळी. वाढीच्या वलयांची दाट कड ही दुसरी, व गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या किरणपेशींची रांग ही तिसरी. चौथी भिंत जखम झाल्यावर सालीखालच्या वर्धनशील थराने, म्हणजे ऊतककराने, नव्याने घडविलेली असते. कुजण्यास रोखण्यात तीच सर्वांत समर्थ ठरते. ती टिकली तर तिच्या बाहेर पुढे वाढणारे लाकूड निरोगी राहते. जुन्या झाडाच्या पोटात ढोली असूनही ते डौलाने उभे असते, याचे कारण हेच होय.

या उपपत्तीचा छाटणीच्या कामाशी निकटचा संबंध आहे. फांदी खोडास जेथे मिळते तेथे बहुधा एक फुगीर भाग असतो. येथे त्यास 'कडे' म्हटले आहे. या कड्यातील तंतू खोडाचे असतात, आणि कुजण्यास अडविणारी यंत्रणा त्याच जागी केंद्रित झालेली असते. म्हणून काप कड्याच्या लगत, पण त्याच्या बाहेर पडला पाहिजे. पूर्वीची शिकवण याच्या नेमकी उलट होती. खोडाशी अगदी सपाट कापावे आणि वर डांबर अथवा रंग फासावा, असे बागकामाच्या जुन्या पुस्तकांतून सांगितले जाई. सपाट कापाने कडेच नाहीसे होते व जखम खोडात शिरते; डांबराने कुजणे थांबत नाही, असे शिगो यांच्या प्रयोगांत दिसून आले. याउलट काप फार दूर घेतला तर खुंट राहतो. त्यावर नवा थर चढू शकत नाही, तो कुजतो आणि बुरशीला आत जाण्यास वाट देतो. 'खुंट' व 'खुंटणे' हे एकाच कुळातील शब्द येथे शेजारी यावेत, हे अर्थपूर्ण आहे.

हा काप कोठे घ्यावयाचा ते जमिनीवरून ठरविता येत नाही. ते झाडावर चढलेल्या माणसालाच दिसते. त्याचे काम चढण्यापूर्वीच सुरू होते. बुंध्याशी उगवलेली अळंबी, मुळांजवळची भेगाळलेली माती, वाळलेल्या फांद्या, मधमाश्यांचे पोळे, विजेच्या तारा हे सारे तो आधी पाहतो. दोर एखाद्या भक्कम बेचक्यावरून घेऊन, दोरावर घट्ट बसणाऱ्या पण हाताने सरकविता येणाऱ्या गाठीच्या आधाराने तो वर जातो. जे झाड राखावयाचे आहे त्यावर पायाला लोखंडी खिळे बांधून चढू नये, असा या व्यवसायातील नियम आहे. कारण प्रत्येक खिळा ही एक नवी जखम असते. वर गेल्यावर लाकूड ठोकून तो आवाज ऐकतो. पोकळ भागाचा नाद निराळा असतो. जड फांदी एका घावात कधीच तोडावयाची नसते. पहिला अर्धवट काप खालून, दुसरा थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने कड्याबाहेर काढावयाचा. खाली उभा असलेला सोबती दोराने फांदी सावकाश उतरवितो.

वृद्ध वृक्षाच्या बाबतीत आणखी एक दक्षता लागते. 'छाटणी' हा शब्द मराठीत द्राक्षवेलीच्या खरड छाटणीपासून रस्त्याकडेचे झाड माथ्यावरून सपाट करण्यापर्यंत सर्वत्र वापरला जातो. द्राक्षाची वेल दरवर्षीच्या छाटणीसाठीच वाढविलेली असते. साठ वर्षे मोकळ्या वाढलेल्या पर्जन्यवृक्षाचे तसे नाही. त्याचा माथा उडविला की अन्न तयार करणारी पाने जातात, साठविलेले अन्न खर्ची पडते आणि मोठाले काप उघडे राहतात. त्यानंतर भराभर फुटणारे धुमारे पाहून झाड 'सावरले' असे वाटते. वस्तुतः ते त्याच्या निकराचे लक्षण असते. हे धुमारे सालीलगतच्या उथळ भागातून निघतात. खाली लाकूड कुजत जाते व वर त्यांचे वजन वाढत जाते. म्हणजे वादळात फांदी पडू नये म्हणून केलेली छाटणीच काही वर्षांनी पादचाऱ्याच्या डोक्यावर संकट टांगून ठेवते.

वडाचे उदाहरण याहून बोलके आहे. रहदारीस अडथळा म्हणून त्याच्या पारंब्या कापल्या जातात. परंतु जमिनीत रुजलेली पारंबी हा आडव्या फांदीचा खांबच असतो. हावडा येथील वनस्पतिउद्यानातील विशाल वडाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे 1925 मध्ये काढून टाकावे लागले. तरीही तो वृक्ष पारंब्यांच्या आधारे आजही उभा आहे.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी 1975 मध्ये अधिनियम झाला. त्यात 'झाड तोडणे' या संज्ञेत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही अंतर्भाव केला आहे. 2021 मधील दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्षाचे स्थान दिले. कायद्याची व्याख्या अशी व्यापक आहे. व्यवहारातील भाषा मात्र तोकडीच राहिली आहे. वाळलेली फांदी काढणे, भार हलका करणे आणि माथा उडविणे या तीन भिन्न क्रिया एकाच 'छाटणी'त मोडतात. जेथे कामाचे माप खाली पडलेल्या फांद्यांच्या ढिगावरून होते, तेथे दोरावर लोंबकळत कडे राखणाऱ्या माणसाचे कौशल्य हिशेबात येतच नाही. या क्रियांना वेगवेगळी नावे देऊन ती कामाच्या आदेशात लिहिली गेली, तर त्या माणसाला चुकीच्या कापास नकार देण्यासाठी निदान एक आधार मिळेल. वृक्षाच्या अंगी एकदा पडलेला काप परत घेता येत नाही. यास्तव शब्दांची ही निवड काप पडण्यापूर्वीच झाली पाहिजे.