वकील मिळाला, तयारीला वेळ मिळाला का?

१९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत देणं राज्याचं कर्तव्य ठरलं. पण वकील नेमायचा कुणी, त्याची फी भरायची कुणी, हे महाराष्ट्रातल्या एका खटल्यात स्पष्ट झालं. बनावट पदव्यांच्या प्रकरणात होसकोट नावाच्या आरोपीची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने वाढवून तीन वर्षं केली. निकालाची प्रत वेळेत हाती न पडल्याने सर्वोच्च न्यायालयात जायला त्यांना चार वर्षांहून जास्त उशीर झाला. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यांना दाद दिली नाही, पण पुढच्या प्रत्येक कैद्यासाठी नियम घालून दिला: निकालाची प्रत फुकट द्यायची, ऐपत नसेल तर वकील न्यायालयाने नेमायचा आणि फी सरकारने भरायची. १९८६च्या सुक दास खटल्यातल्या निकालाने, आरोपीने वकील मागितला नाही ही सबबही मोडीत काढली.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, पण तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ला. राष्ट्रीय पातळीपासून तालुक्यापर्यंत यंत्रणा उभी राहिली. तिचा कणा मात्र खाजगी वकिली करणारे पॅनेल वकीलच होते. २०१०च्या विनियमांनी त्यांच्यासाठी किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अट घातली, कामावर देखरेखीसाठी समित्या नेमल्या आणि पक्षकाराकडून पैसे घेण्यास मनाई केली.

पोटगीसाठी आलेल्या बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नसते. तिचा अर्ज मंजूर झाला की पॅनेलवरच्या वकिलाच्या नावे नेमणूकपत्र निघतं, वकीलपत्रावर तिची सही होते. पण तिच्या तारखेच्याच दिवशी या वकिलाच्या स्वतःच्या अशिलांच्याही दोन-तीन कोर्टांत तारखा असतात, आणि प्राधिकरणाची फी त्यांच्या फीपुढे तुटपुंजी. कसोटी लागते ती इथे. तरीही अनेक वकील ही कामं मनापासून करतात. त्यांच्या जिवावरच ही व्यवस्था तगली आहे.

वेळ न मिळाल्यास काय होतं, हे मध्य प्रदेशातल्या खांडव्यात दिसलं. २०१३ साली तिथे एका आरोपीला वकील नेमला आणि त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले. पंधरवड्यात फाशी सुनावली गेली. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला साधारणपणे किमान सात दिवस द्यावेत, असंही बजावलं. फेरखटल्यात, २०२४ साली, तो आरोपी निर्दोष सुटला.

२०२२पासून जिल्ह्या-जिल्ह्यांत फौजदारी बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालयं येऊ लागली. त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. दिवाणी आणि कौटुंबिक दावे मात्र आजही पॅनेलकडेच आहेत. म्हणून मागणी सरळ आहे: पॅनेल वकिलाची फी वाढवा, ती वेळेवर द्या आणि त्याला पेलतील तेवढीच प्रकरणं सोपवा. पोटगीचा दावा लढणाऱ्या बाईलाही तयारीनिशी उभा राहणारा वकील मिळाला पाहिजे. तो तिचा हक्क आहे.