पिवळ्या पाटीची गाडी, पांढऱ्या पाटीचा भाव

टॅक्सीत चाललेली गाडी घरासाठी घ्यावी का, असं कुणी विचारलं की गावातली चार माणसं एकदम "नको रे बाबा" म्हणतात. माझं उत्तर तसं नाही. माझं उभं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात, गाडीखाली झोपून गेलं. ऑइल वेळेवर बदललेली, डॉकिंग म्हणजे ठरल्या मुदतीची तपासणी कधी न चुकलेली, पाच-सहा लाख किलोमीटर पळूनही ठणठणीत असलेली इंजिनं मी या हातांनी उघडली आहेत. लग्नाकार्यापुरतीच बाहेर निघणारी आणि चाळीस हजारांतच खंगलेली घरगुती इंजिनंही उघडली आहेत. त्यामुळे मीटरवरच्या मोठ्या आकड्याची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती लहान करून दाखवलेल्या आकड्याची.

पवनारात हा प्रश्न वरचेवर निघतो, त्याला कारण आहे. गाव वर्धा-नागपूर रस्त्यावर, धाम नदीच्या काठावर. विनोबांचा परमधाम आश्रम इथे, सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. नागपूर विमानतळावर उतरलेले पाहुणे भाड्याच्या गाडीनं येतात, आश्रमात तासभर थांबतात, सेवाग्रामला जातात आणि संध्याकाळी परत. पाहुणे आत असतात तेव्हा ड्रायव्हर बाहेर मोकळे असतात. त्यांच्याशी बोलत बसणं ही माझी निवृत्तीनंतरची आवड आहे. गाडी विकायची वेळ आली की काय काय केलं जातं, हे मी बहुतेक त्यांच्याकडूनच ऐकलं.

भाड्याची गाडी म्हटली तरी सगळ्या एका जातीच्या नसतात. घेणाऱ्यानं सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की या गाडीनं आजवर नेमकं काम काय केलं? मालक स्वतःच चालवत होता, नागपूर-शेगाव, नागपूर-पंढरपूर अशा लांबच्या फेऱ्या होत्या, तर ती गाडी मला आवडते. इंजिन एकदा तापलं की तासन्‌तास एका चालीत चालतं, क्लच-ब्रेकला काम कमी, आणि जिच्यावर घर चालतं तिचं ऑइल माणूस सहसा चुकवत नाही. शहरातल्या ॲपवर धावलेल्या गाडीचं तसं नसतं. दिवसभर सिग्नल, पहिला-दुसरा गिअर, दर अर्ध्या तासानं नवा प्रवासी. सरकारी कचेरीत कंत्राटावर लावलेली गाडी आणखी फसवी. साहेब मीटिंगमध्ये आणि गाडी बाहेर एसी लावून उभी. मीटर जागचा हलत नाही, पण इंजिन चालूच. आमच्या वर्ध्याचा मे महिना ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. अशा गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, झीज मात्र झालेली असते.

स्वतः चालवायला भाड्यानं देतात ती गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची. केंद्र सरकारच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेतून ही पद्धत आली. तिची सर्व्हिसिंग कंपनी नियमानं करते, पण रोज नवा हात, आणि खड्डा चुकवायला जीव तुटावा असं कुणाचंच नातं नाही. अशी गाडी घ्यायचीच तर क्लच, सस्पेन्शन आणि गाडीचं पोट नीट पाहून घ्यावं. आणि आमच्याकडची काळी-पिवळी? दारात लोंबकळणारी माणसं, टपावर पोती, वर्षानुवर्षं ओव्हरलोड. तिची चासी आणि मागचा ॲक्सल थकलेला असतो. ती घरासाठी घेऊ नये, एवढंच.

आता मीटरचा हिशेब. पर्यटनाची गाडी दिवसाला दीडशे किलोमीटर चालली आणि वर्षातले तीनशे दिवस कामावर राहिली, तर वर्षाला पंचेचाळीस हजार होतात. चार वर्षांची गाडी मग पावणेदोन लाखांच्या आसपास असायला हवी. तिच्या मीटरवर साठ-सत्तर हजार दिसले तर दोनच शक्यता : एक तर ती बराच काळ उभी होती, नाही तर मीटर मागे फिरवलाय. उभी राहिलेल्याही पुष्कळ आहेत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पर्यटन बसलं, हप्ते थकले आणि फायनान्सवाल्यांनी कित्येकांच्या गाड्या ओढून नेल्या. यार्डात उन्हापावसात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर कडक होतात, ब्रेक धरतात, वायरी उंदीर कुरतडतात. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत हर्ट्झ ही भाड्याच्या गाड्यांची मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिनंही आपल्या गाड्या मोठ्या संख्येनं विकायला काढल्या. पण तिथे भाड्याच्या कंपन्या "ही आमच्या ताफ्यातली गाडी" असं सांगून स्वतःच्या दुकानातून गाडी विकतात. घेणारा त्या माहितीवर भाव करतो. आपल्याकडे पिवळी पाटी उतरते, पांढरी चढते आणि गाडी एकाएकी "घरचीच" होते. मला राग येतो तो याचा.

शेजारच्या मुलाला गाडी हवी होती. आईला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेणं-आणणं असतं, रात्री-अपरात्री रिक्षा मिळत नाही. "काका, नागपूरले एक गाडी पाहून ठेवली, तुम्ही येता का पाहाले?" म्हणाला. गेलो. चार वर्षांची सात सीटांची गाडी, पांढरी पाटी, मीटरवर अडुसष्ट हजार. डीलर म्हणाला, "एकाच घरातली आहे, भाऊ, डॉक्टरसाहेबांची."

मी आधी मागचं डावं दार उघडलं. प्रवासी याच दारानं चढतो-उतरतो, म्हणून टॅक्सीत सगळ्यात जास्त वापर याच दाराचा. अर्धं उघडून हलकं वर उचललं, तर बिजागरीत खेळ होता. उजव्या दारात नव्हता. घरच्या गाडीत इतका फरक पडत नाही. पेडलचे रबर कोरे करकरीत, स्टेअरिंगवर नवं कव्हर. अडुसष्ट हजारांत पेडलचं रबर बदलावं लागत नाही. मधल्या खांबावर, प्रवाशाच्या खांद्याच्या उंचीवर, प्लास्टिकची बारीक टोपणं बसवलेली होती. ती काढली तर खाली स्क्रूची भोकं. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या टॅक्सीला जीपीएस आणि धोक्याच्या वेळी दाबायचं बटण लागतं, त्याची ती जागा. मागच्या बंपरवर ऊन तिरपं पडलं तेव्हा लाल रेडियम पट्टीच्या गोंदाची कडही दिसली.

मग टायर. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनी गाडीच्या जन्माची होती आणि पार गुळगुळीत झालेली. खालचे चारही टायर नवे, सगळ्यांवर एकच तारीख. पहिला संच संपला हे दिसतच होतं. मधला एखादा संच संपला की नाही, ते टायर सांगत नाहीत.

"फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवता का?" मी विचारलं. ही युक्ती मला आश्रमासमोरच्या एका ड्रायव्हरनंच सांगितलेली. फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा आहे. कोणत्या नाक्यावरून, कोणत्या दिवशी, किती वाजता गाडी गेली, हे सगळं त्यात येतं. महिन्यातून वीस दिवस टोल ओलांडणारे डॉक्टर मी तरी पाहिले नाहीत. जुनी ई-चलानंही अशीच बोलतात. गाडी कोणकोणत्या शहरांतून फिरली ते त्यांवरून कळतं. आणि कंपनीच्या वर्कशॉपात नंबर सांगितला तर प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख नि किलोमीटर निघतात, मालकानं तेवढी परवानगी द्यावी लागते. डीलरनं स्टेटमेंट दिलं नाही. फोनवर बोलायला म्हणून गेला तो लवकर आलाच नाही.

इंजिन मात्र चांगलं होतं, हे मी लपवणार नाही. थंड असताना पहिल्या झटक्यात सुरू झालं, धूर नाही, चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढलं तर फुंकर येत नव्हती. मुलाचा जीव गुंतला. "काका, इंजिन चांगलं आहे नं, मग काय पाहायचं?" मी सांगितलं, गाडी वाईट नाही, पण ज्यानं पाटी लपवली आणि मीटर लपवला त्यानं अपघात लपवला नसेल कशावरून? आणि भाव तर डॉक्टरांच्या गाडीचा मागतोय. आम्ही परत आलो.

आरसीवर वाहनाचा वर्ग लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्यावी. ड्रायव्हर सोडून सहा प्रवाशांपर्यंतची भाड्याची गाडी म्हणजे मोटर कॅब, त्याहून जास्त आणि बारापर्यंत असतील तर मॅक्सी कॅब. घरगुती गाडीवर मोटर कार असं येतं. वर्ग बदलून घेतलेला असेल तर जुना विमा मागावा. पॉलिसी प्रवासी वाहतुकीची असेल तर तिथेच कळतं. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की मालक कितवा, बोजा आहे का, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत, एवढं घरबसल्या समजतं.

पुढे सेलूला एक गाडी मिळाली. पिवळी पाटी तशीच, मालक स्वतः ड्रायव्हर, मीटरवर दोन लाख दहा हजार. त्यांनी सीटखालून वही काढली. ऑइल कधी बदललं, क्लचप्लेट कधी टाकली, टायर कुठे घेतले, सगळं निळ्या शाईत, सोबत बिलं टाचलेली. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते, तिचंही प्रमाणपत्र होतं. शॉकॲब्सॉर्बर संपले होते, पुढचे बुश वाजत होते, मागची सीट बसली होती. त्यांनीच आधी सांगितलं. नागपूरच्या गाडीपेक्षा भाव बराच उतरता होता. "हीच घे," मी म्हणालो, "आणि वाचलेल्या पैशांतले साठ-सत्तर हजार दुरुस्तीला बाजूला ठेव." दोन लाख चाललेली गाडी घेताना हे पैसे आधीच बाजूला काढावेत. कूलंट, ब्रेक, सस्पेन्शन आणि सगळे पट्टे एकदाच बदलले की पुढची काही वर्षं निश्चिंत.

पिवळी पाटी ठेवून घरी वापरायचा मोह मात्र टाळावा. टॅक्सीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो, परमिट लागतं, विम्याचा हप्ताही जास्त. शिवाय ८० च्या पुढे न जाऊ देणारा गव्हर्नर. समृद्धी महामार्गावर मागून १२० नं येणाऱ्या गाड्यांमध्ये ती जपूनच चालवावी लागते. पांढरी करायची तर मालकानं आधी परमिट आरटीओत जमा करायचं, कर्ज असेल तर फायनान्सची संमती, कराचा फरक भरायचा, गाडी तपासणीला न्यायची. खासगी झाल्यावर नोंदणी मूळ तारखेपासून १५ वर्षं चालते. हे सगळं विकणाऱ्याकडून करून घ्यावं आणि तोवर बयाण्यापेक्षा जास्त रक्कम हातावर ठेवू नये. "कागद नंतर करून देतो" म्हणणारा पैसे मिळाल्यावर फोन उचलत नाही, अशी माणसं मी वर्ध्याच्या आरटीओबाहेर हताश उभी पाहिली आहेत. कर्ज फिटलं असलं तरी ३५ नंबरचा फॉर्म आणि फायनान्सचं पत्र देऊन आरसीवरचा बोजा उतरला की नाही, ते डोळ्यांनी पाहावं.

मग गाडी नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर मागायचा. दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, आपल्या गाडीच्या नुकसानीचा नाव बदलल्याशिवाय येत नाही. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याचाच राहतो, तो धरून भाव करू नये. जुना फास्टॅग त्यानं बंद करायचा, आपण नवा घ्यायचा.

सेलूचे ते भाऊ या बाबतीत आमच्याहून घाईत होते. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितलंय. गाडी चार हात पुढे विकली गेली तरी कागदावरचा मालक सुटत नाही. त्यांनी परमिट आधी जमा केलं, मुलाला स्वतः आरटीओत नेलं, दोघांनी समोरासमोर सह्या केल्या आणि पावती हातात आल्यावरच उरलेले पैसे घेतले. वही त्यांनी गाडीसोबतच दिली. मुलानं पुढच्या पानावर शॉकॲब्सॉर्बरचा खर्च लिहिलाय.