मोफत वाय-फाय: दुकानदाराने काय मागावं, आपण काय द्यावं



वेम्बली, हॅरो, हाउन्स्लो, स्लाव... कुठेही आपलं छोटं उपाहारगृह, मिठाईचं दुकान किंवा सलून असेल, तर वाय-फायची योजना विकणारा कुणीतरी एव्हाना येऊन गेला असेल. त्याचं म्हणणं साधारण असं: गिऱ्हाइकांना फुकट इंटरनेट द्या, त्या बदल्यात त्यांचा ईमेल घ्या, मग जाहिरातीवर वेगळा खर्च नको. यात तथ्य आहे. पण हा माणूस जे सांगत नाही ते काउंटरच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांनी ऐकावं असं आहे.

आधी हे चालतं कसं ते पाहू. तुम्ही चहा मागवता आणि फोन दुकानाच्या वाय-फायला जोडता. इंटरनेट चालू आहे का हे तपासायला फोन गुपचूप एक ठरावीक पान उघडायचा प्रयत्न करतो. राउटर ती विनंती अडवतो आणि त्याऐवजी दुकानाचं पान समोर ठेवतो. यालाच कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. तिथे नाव, ईमेल, कधी मोबाइल नंबर, कधी वाढदिवस विचारतात. तुम्ही 'मान्य आहे' दाबलं की दार उघडतं. शिवाय तुम्ही किती वाजता आलात, किती वेळ बसलात, किती दिवसांनी परत आलात, हेही यंत्रणा टिपून ठेवू शकते. मग वाढदिवसाला सवलतीचं कूपन येतं, नाहीतर 'तीन आठवडे दिसला नाहीत' असा ईमेल येतो.

या आकडेवारीवर मात्र फार विसंबू नका. फोनच्या वाय-फायला एक ओळखक्रमांक असतो. पूर्वी तो कायम एकच असायचा, आणि त्यावरून माणसाचा माग काढता यायचा. लंडनच्या चीपसाइड भागात जाहिरातीचे पडदे लावलेल्या कचरापेट्या रस्त्याने जाणाऱ्यांच्या फोनचे असे क्रमांक टिपत होत्या. ऑगस्ट २०१३ मध्ये सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने ते बंद करायला सांगितलं. त्यानंतर २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, तात्पुरता क्रमांक दाखवू लागले. काही फोन तो अधूनमधून बदलतातही. त्यामुळे 'दुकानासमोरून रोज इतके लोक जातात' असा तक्ता कुणी दाखवला, तर तो मोजला कसा हे आधी विचारा.

दुसरा प्रश्न असा विचारा: यादी नक्की कुणाची? २०१३ मध्ये फेसबुकने एक सोय आणली होती. गिऱ्हाईक आपल्या पानावर 'मी इथे आहे' अशी नोंद करणार आणि त्याला फुकट वाय-फाय मिळणार. २०२३ मध्ये फेसबुकने ती सोय गुंडाळली. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेलं दुकान असं एका दिवसात उठतं. म्हणून करार करताना यादी तुम्हाला हवी तेव्हा उतरवून घेता येईल का, आणि करार संपल्यावर ती त्यांच्याकडून पुसली जाईल का, हे लेखी घ्या.

आता कायदा. इथेच बहुतेक छोटे व्यावसायिक अडकतात. ब्रिटनमध्ये एखाद्याला जाहिरातीचा ईमेल पाठवायचा तर त्याची स्पष्ट संमती लागते. ज्याने आपल्याकडून खरेदी केली आणि खरेदीच्या वेळी ईमेल दिला, त्याच्यासाठी थोडी सवलत आहे, पण नुसतं वाय-फायला जोडणं म्हणजे खरेदी नव्हे. आधीच खूण केलेली चौकट ही संमती ठरत नाही. 'जाहिरातीला हो म्हणा, तरच इंटरनेट मिळेल' अशी अट घातली, तर ती संमती मोकळेपणाने दिली असं म्हणणं कठीण. तेव्हा चौकटी दोन हव्यात: वाय-फायच्या नियमांसाठी एक, बातम्या-सवलतींसाठी दुसरी, आणि दुसरी रिकामीच ठेवलेली. यादी छोटी होईल, होऊ द्या. शंभर माणसं स्वतःहून आली असतील, तर जबरदस्तीने गोळा केलेल्या हजारांपेक्षा ती जास्त पदरात टाकतील.

अशा यादीला पाठवायचं काय? दर आठवड्याला 'दहा टक्के सूट' नको, त्याने लोक वैतागतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आहे, गणपतीच्या मोदकांची नोंदणी अमुक तारखेला बंद होणार, दिवाळीच्या फराळात यंदा अनारसे आहेत... असा महिन्याला एक ईमेल लोक उघडतात, कारण त्यांना तो हवाच असतो. आणि वाय-फायच्या बदल्यात पाच तारे मागू नका. एप्रिल २०२५ पासून आमिष लपवून मिळवलेले अभिप्राय इथल्या कायद्याने बंद केले आहेत.

आता टेबलापलीकडच्या मंडळींकडे. आपण अटी वाचतो का? मँचेस्टरच्या पर्पल या वाय-फाय कंपनीने २०१७ मध्ये गंमत म्हणून आपल्या अटींमध्ये एक कलम घातलं: वापरणाऱ्याने १,००० तास समाजसेवा करावी. त्यात उत्सवांमधली फिरती शौचालयं धुणं होतं, भटक्या कुत्र्यामांजरांना मिठ्या मारणं होतं, हाताने तुंबलेलं गटार मोकळं करणंही होतं. दोन आठवड्यांत २२,००० लोकांनी 'मान्य' दाबलं. ज्याला हे कलम दिसेल त्याला बक्षीस होतं, आणि ते फक्त एकाने मिळवलं.

हसण्यासारखं आहे, पण तेच बोट आपल्या घरातली मुलंही दाबतात. ऑनलाइन सेवांसाठी आपल्या माहितीला स्वतः संमती द्यायचं वय इथे १३ आहे. त्याहून लहान मुलाचा ईमेल आणि जन्मतारीख पिझ्झाच्या दुकानाला देण्याचं काहीच कारण नाही. अशा ठिकाणांसाठी घरात एक वेगळा ईमेल ठेवा, वाढदिवसाचा रकाना सोडून द्या, आणि बँकेचं काम मोबाइल डेटावरच करा.

सप्टेंबर २०२४ मधली घटना आठवत असेल. ब्रिटनमधल्या १९ मोठ्या रेल्वे स्थानकांवर, लंडन युस्टन आणि मँचेस्टर पिकॅडिली धरून, वाय-फायला जोडणाऱ्यांना द्वेषाचा मजकूर दिसला. यंत्रणेत शिरायचा अधिकार असलेल्या खात्यातूनच ते पान बदललं गेलं होतं. स्थानकाचं नाव वर, पान मात्र तिसऱ्याच्या हातात. तुमच्या दुकानाचंही तसंच असतं. म्हणून ते पान कोण बदलू शकतं ते विचारून ठेवा, नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करा. आणि कार्डाचं मशीन व गल्ल्याचा संगणक पाहुण्यांच्या वाय-फायवर कधीच ठेवू नका. राउटर बसवायला येणाऱ्याला 'दोन वेगळी नेटवर्क करून द्या' एवढंच सांगा, त्याला कळतं.