मुद्दल शाबूत, सूर नवे

मुद्दलाला हात न लावता व्याजावर हौस भागवावी, ही शिकवण व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. घराच्या आवारात जपून ठेवलेली जुनी मोटारगाडी हेदेखील असेच एक मुद्दल होय.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचीच वारस असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. स्टिअरिंगलगतच्या दांड्याने गिअर बदलत आजोबा याच गाडीतून पेढीवर जात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींच्या ताफ्यातून पद्मिनीने निरोप घेतला. त्यामुळे घरोघरी उरलेल्या गाड्यांचे मोल आता केवळ भावनेपुरते राहिलेले नाही.

अशा गाडीतून फेरफटका मारताना नातवाला फोनमधील गाणी ऐकावीशी वाटली, तर त्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की, ती हौस कशातून भागवायची? डॅशबोर्डचा पत्रा कापून नवा स्टिरिओ बसवणे आणि दारांच्या पॅनेलना गोल भोके पाडून स्पीकर लावणे, हे गॅरेजमध्ये एका दिवसाचे काम असते. मात्र कापलेला पत्रा पुढे कितीही सफाईने सांधला आणि रंगवला, तरी कारखान्यातून आलेला तो पत्रा परत मिळत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम जाहीर केले. वाहन मूळ स्वरूपात असावे. चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील अट आहे. संग्राहकाची नजर तर याहूनही बारीक असते. तो डॅशबोर्डही न्याहाळतो.

म्हणून पहिले सूत्र असे की, जे बसवायचे ते पुन्हा काढता आले पाहिजे आणि काढल्यावर खूणही उरता कामा नये. सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्वतःची बॅटरी असलेला ब्लूटूथ स्पीकर. तो आसनाखाली वा मागच्या फळीवर घसरणार नाही असा ठेवावा. गाडीच्या एकाही वायरला स्पर्श करावा लागत नाही. याहून दमदार आवाज हवा असल्यास छोटा ब्लूटूथ अ‍ॅम्प्लिफायर आसनाखाली ठेवून स्पीकर स्वतंत्र लाकडी पेटीत बसवता येतात. वीज थेट बॅटरीवरून घ्यावी, बॅटरीलगत फ्यूज असावा आणि वायर इंजिनकडून आत येणाऱ्या जुन्याच छिद्रातून न्यावी. जुन्या वायरिंगचे वेष्टन ठिसूळ झालेले असते. ते सोलून जोड देणे म्हणजे आगीला निमंत्रण.

गाडी पद्मिनीहून जुनी वा परदेशी असेल, तर विजेची प्रकृती आधी तपासावी. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक फोक्सवॅगन बीटल सहा व्होल्टच्या होत्या, तर मॉरिस मायनरमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजची उपकरणे बारा व्होल्ट आणि ऋण टोक बॉडीला, या हिशेबाने बनतात. अशा गाडीत उपकरणाचे धातूचे कवच बॉडीला टेकले, तरी शॉर्टसर्किट होऊ शकते. तेथे स्वतंत्र बॅटरीच श्रेयस्कर.

गाडीत मूळ रेडिओ असेल, तर तो काढण्याचा मोह आवरावा. हे रेडिओ बहुधा मीडियम वेव्हचे असतात. त्यामुळे बाजारातील एफएम ट्रान्समीटर त्यांच्यापुढे मुके ठरतात. जाणकार कारागीर रेडिओच्या आत आवाजाच्या बटणाजवळ फोनसाठी जोड देऊ शकतो. तबकडी, बटणे व समोरचा चेहरा जसाच्या तसा राहतो. मात्र व्हॉल्व्हच्या रेडिओत विजेचा दाब धोकादायक असतो, म्हणून तेथे हौशी हातांनी जाऊ नये.

शेवटचे काम पेढीला साजेसे आहे. काढलेला प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक पट्टी चिठ्ठी लावून डबीत ठेवावी. कोणती वायर कोठून कोठे नेली, फ्यूज किती अ‍ॅम्पिअरचा आणि काम कोणत्या तारखेस झाले, याची नोंद वहीच्या एका पानावर करून ते पान गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. ब्लूटूथची आजची तऱ्हा दहा वर्षांनी जुनी होईल, तेव्हा पुढची पिढी ते पान उघडेल, उपकरण अलगद उचलून बाजूला ठेवील आणि आजोबांची गाडी तिला जशी होती तशीच मिळेल.