पाठीतील सुई: तिचा उपयोग आणि तिची मर्यादा

लोहगड-विसापूरच्या पायथ्याला भाजे गावच्या खाचरांत आषाढात लावणी सुरू झाली, की बायामाणसे दिवसचा दिवस चिखलात वाकलेली असतात. लावणी उरकते, पण एखाद्याची कंबर धरते आणि कमरेपासून पोटरीपर्यंत कळ उतरते. ‘शिरेवर शीर चढली’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा कारण मणक्यात असते. दोन मणक्यांमधली गादी सरकून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो व तिथे सूज येते.

मग कोणी सांगते, ‘पाठीत सुई घ्या, बरे व्हाल.’ ही सुई काय करते?

मज्जारज्जूवर एक आवरण असते. त्या आवरणाबाहेर, पण मणक्यांच्या आत जी जागा असते, तिला एपिड्युरल म्हणतात. १९०१ साली पॅरिसमध्ये दोन डॉक्टरांनी माकडहाडाच्या बाजूने तिथे औषध सोडले. १९२१ साली स्पेनचे लष्करी शल्यवैद्य फिदेल पाखेस यांनी ते कमरेतून सोडण्याची रीत मांडली. बाळंतपणाच्या कळांसाठी तिथे बधिर करणारे औषध देतात. मणक्याच्या दुखण्यात मुख्यतः सूज उतरवणारे स्टेरॉइड देतात.

पायात उतरणारी कळ त्याने काहींची कमी होते. पण गुण टिकतो काही आठवडे, फार तर काही महिने. नुसत्या कंबरदुखीत उपयोग थोडाच. आणि हे पक्के ध्यानात ठेवा: सुई गादी जागेवर बसवत नाही. ती फक्त उसंत देते. त्या उसंतीत चालणे-फिरणे आणि सांगितलेले व्यायाम करायचे. कळ थांबली म्हणून लगेच भाताचे पोते उचलाल, तर दुखणे पुन्हा उलटेल. शिवाय असे बरेचसे दुखणे दीड ते तीन महिन्यांत आपोआप ओसरते. म्हणून सुईची घाई नको.

सुईपूर्वी डॉक्टरांना सांगा: मधुमेह आहे का, कारण साखर काही दिवस वाढते, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, अंगात ताप आहे का. जंतुसंसर्ग किंवा पाय लुळा पडणे असे अपाय विरळा, पण होऊ शकतात. लुळेपणासारख्या अपायांबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने २०१४ साली इशारा दिला आहे.

मात्र लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर सुईची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. गुरुजनहो, शाळेत पालक जमतील तेव्हा एवढे तरी त्यांना अवश्य सांगा. लावणी दोन दिवस मागे पडली तरी चालेल. गेलेला पाय परत येईलच असे नाही.