विळ्याचं पाणी आणि मागे पडलेली शाखा

चाकूरचा लोहार विळा तांबडालाल तापवतो आणि पाण्यात बुडवतो, म्हणजेच त्याला ‘पाणी देतो’. पदार्थविज्ञानाच्या (मटेरियल्स सायन्सच्या) पदवीत शिकवलं जाणारं एक मोठं प्रकरण त्या क्षणात घडतं. पोलाद सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की लोहाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्यांच्यामधल्या जागांत कार्बन सहज सामावतो. सावकाश थंड केलं तर तो बाहेर पडून वेगळं संयुग बनवतो. एकदम थंड केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अडकलेल्या कार्बनने जाळी ताणली जाते. या रचनेचं नाव मार्टेन्साइट. ती अतिशय कठीण, पण ठिसूळही. म्हणून विळा पुन्हा हलका तापवावा लागतो. हे ज्ञान लोहाराच्या डोळ्यांत असतं, तापमान तो रंगावरून ओळखतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

या पदवीचा विद्यार्थी प्रयोगशाळेत अशाच पाणी दिलेल्या पोलादाचा तुकडा आरशासारखा चकचकीत होईपर्यंत घासतो, सौम्य आम्लाने कोरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली मार्टेन्साइटच्या सुया पाहतो. पुढे अभ्यासात सिरॅमिक, प्लास्टिक, अर्धवाहकही येतात.

चाकूरहून लातूरला शिकवणीला जाणाऱ्या हुशार मुलांना ही शाखा कुणी आवर्जून सांगत नाही, याची खंत वाटते. धातुशास्त्र आणि पदार्थविज्ञानाची पदवी मुंबईच्या आयआयटीत आहे, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीतही. मुंबईसाठी जेईई ॲडव्हान्स्ड लागते, नागपूरला जेईई मेन, तर पुण्याला एमएचटी-सीईटीतूनही जाता येतं.